चॉकलेटची तुळस आणि तुझा डावा हात

कळंब, चैत्रातला शनिवार, २००५

लोणीच्या लंकाबाईंना कळंबच्या बहिणीचा, कुशाबाईचा, वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे वाकता येत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं.) आम्ही सगळी इथे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. गुडघा काय म्हणतो? पत्र तुझी सून वाचून दाखवत असेल, तर रुपाली, सासूच्या उजव्या कानाशी बस. डाव्या कानानं तिला फक्त हवं तेवढंच ऐकू येतं, लहानपणापासून.

फोनच केला असता, पण माझा आवाज आला की तू ठेवून देतेस. चार वर्षांत सहा वेळा ठेवलास. म्हणून पत्र. लिहिणारी माझी नात स्नेहल, गोकुळची थोरली. मी बोलते तसंच लिही, असं तिला बजावलंय. (आत्ताच म्हणाली, "आजी, कंबरेचं कशाला लिहायचं?" लिही गं.)

तर लंके, ही पोरगी मंचरला केकच्या क्लासला जाते. केक म्हणजे फुगवलेला गोड पाव, त्यात मला काही नवल वाटलं नाही. नवल पुढेच आहे. एक दिवस तिनं चॉकलेटची काळी वीट आणली, किसली, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवली. मला म्हणाली, जरा हलवत राहा, मी आले. मी हलवतेय, तर ते भांड्याला धरायला लागलं. आता पिठलं लागायला लागलं की आपण काय करतो? पाण्याचा हबका मारतो. मीही मारला. चांगला मूठभर. लंके, डोळ्यादेखत त्या रेशमासारख्या पातळ चॉकलेटचा खडबडीत गोळा झाला, खरवडून काढावं असा. नात आली, बघितलं, आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. (त्यात गरम दूध घालून आम्ही ते पोळीबरोबर खाल्लं. गोकुळ म्हणाला, रोज करत जा.)

दुसऱ्या दिवशी मला चुलीपासून लांब बसवून तिनं पुन्हा केलं. दुधाची धुतलेली पिशवी कोरडी करून तिचा मेंदीसारखा कोन केला, चॉकलेट भरलं आणि टोक सुईच्या नाकाएवढं कापलं. ताटावर प्लास्टिकचा कागद पसरला नि कोन हातभर वर धरून नुसता दाबला. तोंडातून काळा दोरा उतरला, लोंबला आणि तिचा हात फिरेल तिकडे जाऊन निजला. मी साठ वर्षं रांगोळी काढतेय, पण माझी रांगोळी कधी उचलून हातात घेता आली नाही. हिनं वाळलेलं फूल कागदावरून सोडवलं नि माझ्या तळहातावर ठेवलं. पाकळीतून पलीकडची भिंत दिसत होती. मी किती वेळ तोंड उघडं टाकून बसले होते कुणास ठाऊक. माशी गेली तेव्हा मिटलं.

मग तिला नवी नक्षी हवी झाली. घरभर बघून नजर आली माझ्या डाव्या हातावर, गोंदणातल्या तुळशीवर. म्हणाली, हात हलवायचा नाही. हातावर प्लास्टिक ताणलं नि गोंदणाच्या रेघेवरून चॉकलेटची रेघ सोडत गेली. आता वाळेपर्यंत थांबायचं. थांबले. तासभर झाला, दोन तास झाले, नाक खाजलं तरी थांबले, ते काही वाळेना. गोकुळ शेतातून आला नि दारातच उभा राहिला. "आये, हात मोडला का काय?" म्हटलं, "न्हाई रं, हाताचा केक झालाय." तेव्हा कुठे क्लासला जाणाऱ्या बाईंच्या ध्यानात आलं, की म्हातारी असली तरी जिवंत आहे, अंगाला ऊब असणारच. मग तिनं गोंदण पेनानं कागदावर उतरवून घेतलं, तो कागद प्लास्टिकखाली सरकवला आणि ताट माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवलं. (घरात फ्रीज आहे. वीज नव्हती.)

संध्याकाळी तिनं तुळस उचलून उभी धरली. लंके, कसं सांगू. आपली आजी म्हणायची, दागिने सुना वाटून घेतील, गोंदण तेवढं आपल्याबरोबर सरणावर येईल. ते माझ्या अंगावरचं, मी मेल्यावरच जायचं ते, माझ्यासमोर वेगळं उभं होतं. पानं, मंजिऱ्या, अगदी गोंदणारणीची सुई घसरली होती ती वाकडी फांदीसुद्धा. आणि त्याला चॉकलेटचा वास येत होता.

ती तुळस केकवर बसून क्लासला गेली. तिथे मंचरच्या एका डॉक्टरीणबाईंनी बघितली. त्यांच्या सासूबाईंना पुढच्या रविवारी पंच्याहत्तर पुरी होतायत, म्हणून पंच्याहत्तर तुळशी लावलेला केक सांगितलाय. पण तुळस वृंदावनासकट हवी. गोकुळनं पोरीला सांगून ठेवलंय, हे एक काम धड झालं तर पुण्याचा मोठा कोर्स, नाही तर पुरे झाले केक. आता माझ्या हातावर नुसती तुळस आहे. खालचं वृंदावन तव्याच्या चटक्यानं गेलं, हे तुला माहीतच आहे. स्नेहलनं आपल्या मनानं काढून पाहिलं, पण तुळस म्हातारी नि वृंदावन कालचं दिसतं. गावातल्या हातांचाही शोध घेतला. शेजारच्या भागूच्या हातावर विंचू निघाला. आता पंच्याहत्तरीच्या केकवर विंचू कसा लावायचा.

असो. तुला सहज कळवावं म्हणून लिहिलं. काम काहीच नाही. सूरजला नि रुपालीला आशीर्वाद, पोरांच्या गालाला हात लाव.

तुझी,
कुशा
(सही स्नेहलनं केली, अंगठा माझा. अंगठ्याला चॉकलेट आहे.)

ता. क. काम आहे. ओतूरच्या जत्रेत त्याच बाईनं, त्याच सुईनं, एकाच दिवशी आपल्या दोघींना गोंदलं. तिच्या हातचं वृंदावन आता एकाच हातावर उरलंय. गुरुवारी गोकुळ जीप घेऊन येईल. डावा हात घेऊन ये. बाकीची लंका आली तरी चालेल, मुक्कामाला.

ता. क. दुसरा. स्नेहल म्हणते, चटक्याचा डाग कुठे दिसत नाही. दिसणार कसा. तव्यानं काही केलं नाही. तुळस झाल्यावर मी बोंब ठोकून पळाले, आणि तू दात आवळून वृंदावन पुरं होईपर्यंत बसलीस. चार वर्षांमागं सूरजच्या लग्नात तुझ्या विहीणबाईंसमोर मी उलटं सांगितलं, की लंका इतकी रडली की जत्रेतले बैल बुजले. बैल माझ्यामुळे बुजले होते. तू पंगतीत खरं सांगू शकली असतीस, सांगितलं नाहीस. हे लिहिताना पोरीचं पेन थांबलं. लिही म्हटलं. हा कागद विहीणबाईंना बोलावून त्यांच्यासमोर वाचून घे, रुपालीला मोठ्यानं वाचायला सांग.

ता. क. शेवटचा. आमच्या गावातला सोपान लग्नाच्या पत्रिका वाटायला लोणीला निघालाय, त्याच्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून डबी पाठवतेय. आत चॉकलेटची नवी तुळस आहे, माझ्या हाताच्या वाट्याला आली तेवढीच, निम्मी. खाण्याआधी तुझ्या हातावरच्या तुळशीवर ठेवून बघ, रेघेवर रेघ बसते का. पण लवकर बघ. तुझाही हात अजून गरम असेल.