उजवीकडच्या थप्पीतलं पुस्तक

सिस्टर, तुम्ही मेल्या तवा मी मातीले आली नाही. तुमच्या मिशनच्या शाळेतून निरोप होता, शेजारची बाई रिक्शा घेऊन दारात उभी होती. मी तिले म्हटलं, तू जा, मले वांगे चिराचे हायेत. त्याचा पस्तावा मले आजही नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हळू वाचा. आता तुमाले घाई कायची?

आमची पोरगी बारावीत होती, तवाची गोष्ट. छत्तीसगड व्हाचंच होतं, भिलाई मध्यप्रदेशात होती. तुम्ही बारावीच्या पोरींच्या माय-बापाले एकेक करून बोलावत होत्या, पुढं काय शिकवाचं ते सांगाले. माह्या आधी अफसराची बायको बसून गेली, तिले तुम्ही चहा पाजला. तुमच्या टेबलावर दोन थप्प्या होत्या. उजवीकडं जाड चकचकीत पुस्तकं, त्यातलंच एक ती घेऊन गेली; डावीकडं नर्सिंगचे पातळ कागद. तुम्ही पोरीचे मार्क पाह्यलेच नाही. 'प्लांट में अफसर हैं या वर्कर?' मी म्हटलं, पोरीचे बाबा कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर हायेत. 'घर किधर?' मी म्हटलं, मरोदा, कामगारांच्या वस्तीत. तुमचा हात डावीकडं गेला.

'गणितात पयली हाय,' मी म्हटलं, 'इंजिनिअर व्हाचं म्हणते.'

'नर्सिंग में सेवा है, माताजी.'

'सेवा आमच्या चार पिढ्यांनी केली. आता दुसऱ्याले करू द्या.'

तुम्ही हसल्या. बोबड्या लेकराले हसतात तशा. मंग फादर आले म्हणून उठून दारात गेल्या, अन् मी उजवीकडच्या थप्पीतलं वरचं पुस्तक उचलून पदराखाली घातलं. जिंदगीत एकच चोरी केली, तीबी तुमच्या येशूच्या फोटोसमोर. तो काही बोलला नाही.

घरी येऊन पुस्तक पोरीच्या हातात देल्लं. म्हटलं, घे, अफसराच्या पोरी जातात ते कॉलेज. तिनं दोन पानं उलटली अन् पोट धरून हसत बसली. 'आई, हे सिस्टर बनाचं पुस्तक हाय! लगन नाही कराचं, पांढरा झगा घालून जनमभर चर्चमध्ये राहाचं.' तिचा बाप शिफ्टवरून येऊन जेवत होता, त्याले ठसका लागला. 'वा रे वा! दर पौर्णिमेले विहारात जाणारी बाई, पोरीले फादरकडं भरती करून राहिली!' त्या दिवसापासून मेला तोवर तो मले सिस्टर म्हणे. इंग्रजी येत नसलं का चोरीबी धड होत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मी तुमच्या टेबलावर आपटलं. तुम्ही पुस्तकाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. या वेळी हसल्या नाही.

'चाहिए था तो माँगना था.'

'मांगतलं असतं तर देल्लं असतं का?'

तुम्ही चावी काढली. कपाट उघडलं अन् भोपाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म काढून समोर ठेवला. मंग म्हटलं, 'आप भरेंगी, माताजी?' तुमची ती वर गेलेली भिवई मी अजून इसरली नाही. 'कावून नाही भरणार?' मी म्हटलं, अन् फॉर्म घेऊन दार लोटून निघाली.

मरोद्यापर्यंत पायी आली. तुमाले शिव्या देत निघाली होती, पण अर्ध्या रस्त्यात शिव्या सरल्या अन् डोक्यात भोपाळच राह्यलं. पोट्टी माह्या कुशीतून उठून कधी दुसऱ्या गावी निजली नव्हती. तिथून शिकून आली का आमच्या घरात तिले कोंदट लागन, माह्या बोलण्याची लाज वाटन, का ती येणारच नाही. संध्याकाळी कोळशाची सिगडी पेटवाची होती. मी तो फॉर्म खाली लावला. चांगला जाड कागद होता, लवकर पेटला. पोरीनं इचारलं, तर म्हटलं, 'नाही देल्ला त्या म्हातारीनं.'

ती नर्सिंगले गेली. रोज दुसऱ्याचे घाव धुते अन् घरी येऊन तुमाले शिव्या देते. दोन थप्प्या तुम्हीच मांडल्या होत्या, सिस्टर, तवा त्या शिव्या तुमच्याच हायेत. तेवढं मी माफ करणार नाही.

पण आता नात त्याच शाळेत बारावीत हाय. तुमच्या जाग्यावर लॅपटॉपवाली मॅडम बसते. नातीले दूर दक्षिणेतलं नर्सिंगचं कॉलेज पाहिजे, अन् तिची माय सही करत नाही. 'मले नर्सिंगले लावलं, आता तुले लावून राहिले. अजून तेच!' पोट्टी रडून म्हणते, 'मम्मी, किसी ने नहीं बोला. मैंने खुद बोला मॅडम को. आपको देख के बोला.' माय ऐकत नाही. फॉर्म टेबलावर पडून, उद्या शेवटची तारीख, पोट्टीनं जेवणाले हात लावला नाही.

आज दुपारी पोरगी ड्युटीवरून आली, मी कणीक मळत होती. मान वर न करता म्हटलं, 'तुहा फॉर्म सिस्टरनं देल्ला होता. मी जाळला.'

'कावून?'

'भेव लागलं.'

तिनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मंग म्हणे, 'इतके साल मी त्या बाईले शिव्या देत होती, अन् तू मले चहा करून देत होतीस.' मी म्हटलं, हो. ती बाहेरच्या खोलीत गेली, सही केली अन् पोट्टीले म्हणे, 'ऊठ, जेव.' माह्याशी अजून बोलली नाही.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही. तुमाले पत्ता नाही अन् मले घरात कोणाले वाचू द्याचे नाहीत. कारण फॉर्म जाळल्याचं सांगताना पोरीले मी अजून एक गोष्ट सांगतली. म्हटलं, सिस्टरनं फॉर्म शेवटच्या दिवशी देल्ला, भरला असता तरी पोचला नसता.

आठ दिवस बाकी होते, सिस्टर.