उंबराची नोंद

सर, तुमचा शब्दसंग्रह पुन्हा छापायला निघालाय. तुमच्या माघारी तुमच्या मुलीनं प्रूफं तपासायला माझ्याकडेच दिली, त्यामुळे आठवडाभर जठारपेठेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमचाच पसारा आहे. ‘उ’पर्यंत आले आणि अडकले.

अमरावती हे नाव मुळात उंबरावरून आलं असं काही जण म्हणतात, आणि तुम्हाला ते फार पटलं होतं. मग तिथल्या माणसाला जुने लोक काय म्हणत, ते तुम्हाला हवं होतं. ‘अमरावतीकर’ हे तुमच्या मते छापील, पेपरवाल्यांचं. बोलण्यातलं आणायला तुम्ही मला अचलपूरला धाडलंत. निघताना दारातून म्हणालात, “ऐकलं तेच लिवजो वं. मनचं काई जोडू नोको.” मी उतरले ती थेट परतवाड्याला मावशीकडे. दोन दिवस खाल्लं, झोपले, बहिणीशी गप्पा हाणल्या. परतीच्या एसटीत वहीत लिहिलं, ‘उमरावत्या. अचलपूर, भाजी विकणारी म्हातारी.’ शब्दही माझा, म्हातारीही माझीच. तुम्ही ते वाचून खुर्चीतून उठलात. “पाह्य, उंबर अजून बसून हाये त्याच्यात,” म्हणत स्वैपाकघरात बाईंना सांगायला गेलात. बाईंनी मला शिरा दिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. शिरा मात्र सगळा खाल्ला.

परवा अखेर अचलपूरला गेले. बाजारात भाजीवाल्या तीन म्हाताऱ्यांना विचारलं. दोघींनी मला वेड्यात काढलं. तिसरी मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, “अमरावतीचा मानूस म्हनतो, बाई. अजून काय म्हनाव त्याले? तुमी काहून इचारून राहिल्या?” मेथी घेतली आणि परत आले.

आज लाल पेन घेऊन बसले. नोंदीखाली तुम्ही लिहिलंय, ‘हा शब्द माझ्या एका विद्यार्थिनीनं मिळवला. तिचा कान विश्वासाचा आहे.’ अख्ख्या पुस्तकात मी आहे ती एवढीच. मला लाज वाटते, आणि ती ओळ मी रोज एकदा वाचतेही. प्रूफं न्यायला तुमची मुलगी उद्या सकाळी येईल. हे पत्र त्या गठ्ठ्यात ठेवणार होते, आता टेबलाच्या खणात टाकतेय. शब्द खोडला, सर. खालची ओळ अजून खोडलेली नाही.