भात सोडल्यापासून

१२ ऑक्टोबर

भात बंद! देवरीच्या पाहुण्यांचा निरोप आला — मुलगी चांगली, पण अंगानं फार भरलेली. दिवाळीनंतर पुन्हा बघू म्हणे. मुलगा, इंद्रकुमार, मला आवडला, हीच तर पंचाईत. नाहीतर गेलात उडत म्हटलं असतं.

चेतनाने सगळं शिकवलं. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध, मग पोटाला प्लास्टिक गुंडाळून तलावाच्या पाळीवर चालायचं. घामातून चरबी निघते म्हणे. स्वतः काडीसारखी, तिला काय माहीत! पण मैत्रीण आहे, ऐकलं.

२० ऑक्टोबर

भुकेने जीव जातोय. धानाच्या गावात राहून पोळ्या खायच्या!

८ नोव्हेंबर

जमलं! बाबांच्या राइस मिलमध्ये पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. सात किलो कमी! बाबा म्हणाले, "काऊन वं, हवा खाऊन राहिली का?"

तहान मात्र फार लागते. चेतना म्हणते चांगलंच आहे, पाण्यानं चरबी धुवून निघते. सारखं मोरीत पळावं लागतं. आई आज तिथे फिनाईल ओतत होती. मुंग्या झाल्यात म्हणाली.

१५ नोव्हेंबर

पसंत!! साक्षगंध ६ डिसेंबरला, अंगठी घालणार!

१६ नोव्हेंबर

चालणं बंद, डायटिंग बंद. नव्या तांदळाचा भात, वर तूप. पुन्हा पुन्हा वाढून घेतला. आई नुसती बघत राहिली.

२३ नोव्हेंबर

मला भीती वाटतेय. कुणाला सांगू? आठवडाभर दोन्ही वेळ पोटभर भात खातेय आणि वजन अजून उतरतंय! बाबांना म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी मोजलेलं पोतं ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता.

शेजारच्या सुशिलाबाई म्हणतात, "कोनतं औषध घेऊन राहिली? मलेही सांग ना!" मी हसले. टीबी असेल? की कॅन्सर? आईचा धाकटा भाऊ, बकाराममामा, असाच वाळत वाळत गेला. लग्नही झालं नव्हतं त्याचं. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

२७ नोव्हेंबर

आईला म्हटलं, दवाखान्यात जाऊ. "कायले? बारीक झाली म्हणजे बिमार का? साक्षगंध होऊन जाऊ दे, मंग पाहू."

दवाखान्याची बातमी देवरीला पोचायला वेळ लागत नाही, हे खरं. मला हे लग्न हवंय. पण मला मरायचं नाहीये!

२ डिसेंबर

उलट्या. धाप लागतेय. अक्षर वाकडं येतंय. पाणी कितीही प्यायले तरी तोंड कोरडंच.

७ डिसेंबर

गोंदिया, दवाखाना. जिवंत आहे! शुगर निघाली. मला वाटायचं ती म्हाताऱ्यांना होते, जाड्या माणसांना होते. डॉक्टर म्हणाले, भात सोडल्याने झाली नाही नि भात खाऊनही नाही. सुरुवातीचं वजन उपाशी राहून गेलं असेल, पुढचं सगळं आजाराने. "और दो दिन रुकते तो बच्ची नहीं मिलती," असं बाबांना म्हणाले. आता जन्मभर इन्सुलिन. काल साक्षगंध होतं. देवरीला काय कळवलं, मला कुणी सांगत नाही.

नर्सने विचारलं, "मोरीत मुंग्या लागत होत्या का?" लघवीतून साखर जाते म्हणे. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नाही."

८ डिसेंबर

बाबा चहाला गेले. आई माझ्या पायाशी बसली होती. एकदम रडायला लागली.

"बकारामच्या वक्ताले बी मोरीत अशाच मुंग्या होत्या, बाई. मले फिनाईल ओतलं त्याच दिवशी समजलं होतं."

मी पाय आखडून घेतले.