तू शर्मिलाला सांगितलेली सोळा पानं

कोरगाव, पेडणे
९ फेब्रुवारी, रविवार

आई,

सकाळी कपडे धुतले. अकराच्या बसने शर्मिला आली आणि एकच्या बसने गेली. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाली. जाताना टेबलावर एक पाकीट ठेवून गेली. ते पाकीट समोर आहे म्हणून तुला लिहिते आहे. तू गेल्याला पाच महिने झाले, तेवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. जिवंत होतीस तेव्हा तरी आपण कुठे फार बोलायचो?

आमच्या वर्गाचा निकाल लागला. मी आणि शर्मिला, दोघीही पास झालो. वार्धक्यशास्त्राची एम.ए., तीही त्रेचाळिसाव्या वर्षी. आरोग्य केंद्रातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार पणजीला जायचे तेव्हा तू शेजारच्या काकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "म्हातारपण शिकाक पणजीक कित्याक जातंस गो? हंय मी आसंय मा." काकी हसायची. मला हसू यायचं नाही.

प्रबंधासाठी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. आमच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, आपल्या घरातल्या माणसाची घ्यायची नाही. प्रश्न विचाराल आणि उत्तरही तुम्हीच द्याल. म्हणून मी आणि शर्मिलाने घरं बदलून घेतली. मी डिचोलीला तिच्या सासऱ्यांकडे जायचं, तिने इथे तुझ्याकडे यायचं. ही कल्पना माझीच होती. त्याचा राग अजून माझा मलाच येतो.

ती पहिल्यांदा आली त्या दिवशी मी चहा ठेवला आणि येऊन तुझ्याजवळ बसले. तू म्हणालीस, "तू भायर बस गो. तू आसलंस की माजा तोंड उघडणा नाय."

मी पडवीत बसले. जनेल उघडं होतं. खिडकीतून शब्द कळत नव्हते, पण तुझं हसणं ऐकू येत होतं. इतकं मोठ्याने हसताना मी तुला कधी ऐकलं होतं, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. माझ्याशी तुझं बोलणं म्हणजे गॅस संपत आला, बस चुकेल, छत्री घे. मीही तेवढंच बोलायचे. गोळी घेतलीस का, पाय सुजलेत का, मीठ कमी खा.

अशी ती तीनदा आली. तिसऱ्या वेळी तू तिला वालीची भाजी करून वाढलीस, वर आणखी घे गो बाय म्हणालीस. मला कधी बाय म्हणालीस?

तू गेलीस त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जास्त रडली. मला रडूच येईना. घरभर माणसं, कुणाला काय हवं ते बघत होते. सावंतवाडीहून आलेल्या एका बाईने तिच्याकडे बोट करून मला विचारलं, "ही धाकटी चेडू काय गे?" मी म्हटलं, नाही, मी एकटीच. आवाज जरा चढला असावा.

महिन्याभराने मी शर्मिलाला विचारलं, आईने काय काय सांगितलं? ती म्हणाली, "मंगल, तुला दाखवू का असं मी त्यांना विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या." एवढंच. त्यानंतर वर्गात मी दोन महिने तिच्या शेजारी बसले नाही. मुलाखतीतलं त्या माणसाला विचारल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, हा नियम मला माहीत होता, तरी बसले नाही.

आज ती म्हणाली, "निकाल लागला, आता मुलाखतीचे कागद नष्ट करायचे. माझा हात होत नाही. तुझी आई आहे. तू काय ते ठरव."

पाकीट चिकटवलेलं नाही. पानं बाहेर न काढता कडांवरून मोजली, सोळा आहेत. शर्मिलाचं अक्षर बारीक. आपण दोघी इतक्या वर्षांत सोळा पानं बोललो असू का ग?

दुपारभर मी त्याच्यासमोर बसून होते. दोनदा हात लावला. मग तिच्या सासऱ्यांची आठवण झाली. आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, कमी बोलणारा. मला मात्र दोन तास सांगत होते. शेवटी म्हणाले, "सून बरी म्हजी. पूण तिका सांगूं नाका, ना जाल्यार फुगतली." ते मी शर्मिलाला अजून सांगितलेलं नाही. आज ती इथे समोर बसली होती, सासरे आपल्याशी धड बोलत नाहीत म्हणत होती, तेव्हासुद्धा नाही सांगितलं. मला ते जमलं. मग तुझ्या बाबतीत का जमू नये?

तुझ्या पानांत माझ्याबद्दल चांगलं असेल की वाईट, कोण जाणे. कदाचित मी नसेनच. ती भीती जास्त वाटते.

मी वाचणार नाही, आई. शनिवारी आम्हा दोघींना पणजीला पदवीचे कागद आणायला जायचं आहे. तेव्हा पाकीट शर्मिलाच्या हातात देईन आणि तिच्यासमोर फाडायला लावीन. तू नको म्हणालीस, तर नको. एवढा शब्द देते. तिचा हेवा करणार नाही, असा शब्द मात्र मागू नकोस. तो देता येणार नाही.

आता उठते. दोरीवरचे कपडे वाळले असतील, ते काढून घड्या घालायच्या आहेत.

तुझी
मंगल