भावोजींच्या वडिलांचं जॅकेट आणि माझी सनावळी

ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तू बरी असशील, गुडघा कुरकुरत असला तरी तू त्याला जुमानत नसशील आणि भावोजींचा रक्तदाब जिथे असायला हवा तिथेच असेल, असं धरून चालतो. धरून चालतो म्हणण्याचं कारण असं की गेले सात रविवार तुझा फोन नाही. मी केला तर भाची उचलते आणि ‘आई बाथरूममध्ये आहे’ म्हणते. ताई, सात रविवार कोणी बाथरूममध्ये नसतं. (आणि असलंच तर डॉक्टरला दाखवायला हवं.) म्हणून हे पत्र लिहितो आहे. बोलणं कुठे अडलंय ते तुला, मला आणि भाचीलाही ठाऊक आहे. ते सुटावं एवढ्यासाठीच हा सगळा कागद.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. भाजी करपते आणि मीच ती निमूटपणे खातो, त्यामुळे घरात वादावादी अशी होत नाही. तुझी भावजय गेल्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. चहा मात्र अजून दोन कप होतो. हात सवयीने पाणी ओततो, मी काय करणार? दुसरा कप तासाभराने गार पितो. (चांगला लागत नाही. तू म्हणशील, मग एकच कर. केला होता गेल्या बुधवारी, तर फार लवकर संपला.)

आता दुकानाचं सांगतो, कारण सगळं बिघडलं ते तिथूनच. जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात मागच्या खोलीत माझं टेबल आहे. टेबलावर एक दिवा, एक भिंग, आणि बसायला तीन सरळ आणि एक आखूड पाय असलेलं स्टूल. विकायला आलेलं चामड्याचं जॅकेट माझ्यापुढे ठेवतात आणि ते साधारण कोणत्या काळातलं ते मी सांगतो. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. पोरं पेपर टाकला की सगळं विसरायची, जॅकेट मात्र काही विसरत नाही. चेन पितळेची की प्लास्टिकची, अस्तर सुती की नायलॉनचं, कॉलर अरुंद की दोन्ही खांद्यांवर पसरलेली, खांद्यात गाद्या घातल्यात की नाहीत, चामडं घोड्याचं की गाईचं, हे बघत गेलं की जॅकेट मुकाट्याने आपलं वय सांगतं. आणि आत शिवलेल्या, कपडा कसा धुवायचा ते सांगणाऱ्या चिंधीवर पाण्याच्या टबाचं नि इस्त्रीचं चित्र असलं की प्रश्नच मिटला, कारण ही चित्रं छापायची पद्धत तशी अलीकडची. ज्याच्या आत टब आहे तो कपडा म्हाताऱ्यांत बसायला आला तरी मी त्याला उठवून लावतो.

या विद्येचा एक तोटा आहे, तो म्हणजे ती दुकानाबाहेरही सुटत नाही. परवा दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसलो होतो. शेजारच्या गृहस्थाच्या अंगात असं काही सुरेख जॅकेट होतं की माझा हात आपोआप त्याच्या कॉलरखाली गेला. मला फक्त शिवण बघायची होती. त्याला वाटलं मी मानगूट धरतोय. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, ‘‘घाबरू नका, तुमचं वय बघत नाहीये, याचं बघतोय.’’ तर तो उठून थेट आत डॉक्टरकडेच गेला, नंबर माझा असताना. दाढ अजून दुखते आहे. सांगायचा मुद्दा, समोरचा माणूस जॅकेटाच्या आत आहे हे मला हल्ली उशिरा दिसतं. भावोजींच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

तो दिवस तुला सांगायला नको, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. भावोजींच्या निवृत्तीचं जेवण. माझी खुर्ची नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, फ्रीजच्या दाराशी. (दर पाच मिनिटांनी कोणीतरी ‘मामा, जरा सरका’ म्हणायचं. त्या दिवशी माझ्याशी झालेलं संभाषण बहुतेक एवढंच.) मग भावोजींनी कपाटातून वडिलांचं जॅकेट काढलं. टपालाचा ट्रक घेऊन घाट ओलांडणारे त्यांचे वडील, भावोजी सहा वर्षांचे असताना गेले, आणि वसतिगृहातून अठराव्या वर्षी घरी परतल्यावर आईने हे जॅकेट ‘तुझ्या बाबांचं’ म्हणून हातात दिलं, ही हकिगत आपण सगळ्यांनीच शंभरदा ऐकली आहे. त्या दिवशी मात्र ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुम्ही आता यातले जाणकार. सांगा बघू, किती जुनं आहे?’’ केवढ्या कौतुकाने म्हणाले गं!

आणि मी सांगितलं. चेन प्लास्टिकची. अस्तर नायलॉनचं. आत चिंधी, चिंधीवर टब. मी भर पंगतीत, पेपर तपासून परत द्यावा तसं जाहीर केलं की हे तुमचे वडील गेल्यावर निदान आठ-दहा वर्षांनी बनलेलं आहे, सबब ते त्यांचं असूच शकत नाही. ‘सबब’ हा शब्दसुद्धा वापरला मी. शाळेत वापरायचो. भावोजींनी बाह्या आत दुमडून जॅकेटाची घडी केली आणि ते आत घेऊन गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा एवढासा झाला होता. मला तेव्हाही कळलं नाही की मी जॅकेटाचं वय सांगता सांगता त्यांच्या आईला खोटं ठरवलं. ती माउली गेल्याला पंधरा वर्षं झाली, तिला आता विचारणार कोण?

पुढचं तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. गेल्या सोमवारी दुपारी मी दुकानात परतलो तर माझ्या टेबलावर तेच जॅकेट. मी जेवायला गेलो असताना भावोजी स्वतः येऊन काउंटरवर देऊन गेले होते. आमच्याकडे विकायला दिलेल्या मालाचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात एक रकाना असतो, ‘पूर्वी कोणाचे’. भावोजींच्या त्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं, ‘माहीत नाही’. ताई, पस्तीस वर्षांत पोरांनी माझ्या पेपरात ‘माहीत नाही’ हजारदा लिहिलं असेल, पण असं कधी लागलं नव्हतं. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि मालकीणबाईंना सांगितलं की हा माल नव्हे, हे घरचं आहे, चुकून आलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाई भल्या आहेत.

मग आमच्याकडे फाटकं-उसवलं दुरुस्त करतात त्या शिवणकामाच्या बाईंना मी ते दाखवलं. त्यांनी दिव्याखाली धरलं आणि दोन मिनिटांत माझी सगळी विद्वत्ता धुळीला मिळवली. चामडं घोड्याचं, पाठ अखंड एका तुकड्याची, कंबर आखूड, कॉलर अरुंद. हे सगळं भावोजींच्या वडिलांच्याच काळातलं. चेनच्या कडेने सुईच्या भोकांची आणखी एक रिकामी ओळ आहे, मशीनची, सरळ, एकसारखी. म्हणजे मूळची चेन काढून टाकून नंतर ही बसवलेली. आणि नव्या चेनचे टाके मशीनचे नाहीत, हाताचे आहेत. वाकडेतिकडे, एकेक भोक आधी आरीने पाडून, दुहेरी दोऱ्याने घातलेले. त्या म्हणाल्या, ‘‘घोड्याच्या कातड्यात हाताने चेन बसवायची म्हणजे बोटं सोलून निघतात. दुकानवाला असं करत नाही. हे कोणीतरी घरी बसून केलंय.’’ मग त्यांनी अस्तर उलटं केलं. ते बायकांच्या कोटातून काढलेलं आहे. छातीशी घातलेल्या चुण्या उसवून सपाट केल्याच्या रेघा अजून दिसतात. म्हणजे माझा तो टब, ज्याच्या जिवावर मी एवढा उडालो, तो भावोजींच्या आईच्या कोटाचा. तिने स्वतःचा कोट फाडून नवऱ्याच्या जॅकेटाला अस्तर घातलं, मुलाला ऊब मिळावी म्हणून. आणि मी त्यावर भिंग धरून तिची चूक काढली.

तेव्हा भावोजींना सांग, जॅकेट त्यांच्या वडिलांचंच आहे. त्यात आई किती आहे तेवढं मात्र त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी चुकलो. (हे वाक्य मी या पत्रात चार ठिकाणी लिहायला घेतलं आणि दर वेळी त्याच्यापुढे ‘परंतु’ आलं. इथे नाही आलं.)

भाचीला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला शेक दे. मला रागाव, पण फोनवर रागाव.

तुझा,
एकुलता एक आणि तेवढाच पुरेसा भाऊ

ता.क. जॅकेट माझ्याकडे सुरक्षित आहे, हँगरला लावून ठेवलं आहे. ते न्यायला मात्र तुम्ही दोघांनी स्वतः यायला हवं. इतकं जुनं चामडं पोस्टाने पाठवता येत नाही, घडीवर तडकतं. सकाळच्या गाडीने या, जेवून जा. भाजी करपू नये म्हणून मी समोर उभा राहून करीन. मुक्काम केलात तर आणखी चांगलं, आतली खोली मी झाडून ठेवली आहे.

ता.क. २. वरचा ता.क. खोटा आहे. चामडं पोस्टाने मजेत जातं, आम्ही महिन्याला तीस-चाळीस पाठवतो, एकही तडकलेलं नाही. खोली मात्र खरंच झाडली आहे.

ता.क. ३. आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. ती भोकांची रिकामी ओळ शिवणकामाच्या बाईंनी दाखवली हे खरं, पण माझ्या बोटाला ती त्या दिवशी तुमच्या टेबलावरच लागली होती. चेन बदललेली आहे हे मला तोंड उघडायच्या आधी कळलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘थांबा, जरा नीट बघून सांगतो.’ पण सगळ्यांनी चमचे खाली ठेवले होते ताई. भाचीने टीव्ही बंद केला होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी बोललो की ऐकत होते. असं दोन वर्षांत झालं नव्हतं. ‘बघून सांगतो’ म्हटलं असतं तर सगळे पुन्हा जेवायला लागले असते. म्हणून मी बोलत राहिलो.

हा तिसरा ता.क. भावोजींना आधी वाचून दाखव, बाकीचं पत्र मग. यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे, तू आग्रह करू नकोस. त्यांचं मन नसेल तर मी दुसऱ्याच दिवशी जॅकेट नीट बांधून पोस्टात टाकतो. फक्त पोचल्याचं कळव.