बिनजिन्याचं घर

४ मे

शाळेतल्या मुलांसाठीचा आर्किटेक्चरचा उन्हाळी वर्ग — पहिला दिवस! घर कसं बांधतात ते शिकवतील असं वाटलं होतं. सरांनी सकाळभर रिकाम्या खोलीत डोळे मिटून बसवलं. "भिंत ऐका," म्हणाले. मला शेजारच्या मुलाच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तसं सांगितलं, तर सर खूश! "शरीर हीच पहिली वास्तू!"

घरी आईला सांगितलं. आई स्वतः आर्किटेक्ट. म्हणजे एका मोठ्या ऑफिसात बसून वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या इमारतींतल्या संडास-बाथरूमचे नकाशे काढते. म्हणाली, "माझंही असंच सुरू झालं होतं," आणि भांडी लावायला गेली.

आमचं ठरलंय — शेवटच्या दिवशी परीक्षकांनी "हिला जमेल" म्हटलं, तर आर्किटेक्चर. नाहीतर मुकाट्याने कॉमर्स.

६ मे

दुपारी शिकवतात त्यांचं नाव आम्ही पोकळीबाई ठेवलंय. खिडकी म्हणायचं नाही, 'पोकळी' म्हणायचं. दार म्हणजे 'संक्रमण'. वर्गात एक डॉक्टरांचा मुलगा आहे, त्याने हात वर केला, "बाई, संक्रमण लावून घेऊ का? एसीची हवा जातेय." हसून हसून पोट दुखलं. बाई हसल्या नाहीत.

७ मे

पुठ्ठ्याचं घर जोडताना गोंदाने बोटच चिकटलं. सोडवताना कातडी निघाली. बाई म्हणाल्या, घराने मला स्वीकारलंय.

११ मे

शेवटचं काम मिळालं: जवळच्या माणसासाठी दुमजली घर. मी आई घेतली. तिला सांगणार नाही.

वरचा अख्खा मजला तिची खोली. उत्तरेचा उजेड, मधोमध मोठं ड्रॉइंग टेबल. पूर्वी ती रविवारी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर स्वतःची घरं काढायची. कुणी मागितलेली नसायची, तरी काढायची. आता काढत नाही. ऑफिसातून येते आणि पाय वर करून पडते. मला फार वाईट वाटतं.

१५ मे

आज निकाल! सकाळी मॉडेल पुरं झालं. चार पावलं मागे सरून पाहिलं, तर — जिनाच नाही! खिडक्या आहेत, गच्ची आहे, बोटभर कुंड्यासुद्धा आहेत — आणि वर जायला काही म्हणजे काही नाही!

इथला नियम असा की परीक्षकांसमोर मुलांनी बोलायचं नाही. मॉडेलने स्वतः बोलायचं असतं; घर कुणासाठी, तेवढं सरांच्या यादीत असतं. माझं भलतंच बोललं. परीक्षक म्हणाले, "पाहा, आईसाठी वर खोली आहे, पण वाट नाही! केवढं भेदक भाष्य!" सर गदगदले. पोकळीबाईंनी डोळे पुसले. पहिला नंबर! डॉक्टरांच्या मुलाच्या घराला छान जिना होता. त्याला म्हणाले, "फारच सरधोपट."

संध्याकाळी पालकांना बोलावलं होतं. सर आईला म्हणाले, "मुलगी जन्मजात आर्किटेक्ट आहे तुमची." आई मॉडेलकडेच बघत होती. मग मला बाजूला घेतलं.

"वरची खोली कुणाची गं?"

"तुझी."

"आणि जिना?"

"विसरले."

तिने मॉडेल उचललं. बसभर ते मांडीवर धरून बसली. मी जिंकले होते, तरी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. जिना विसरायचा तो नेमका तिच्याच खोलीचा!

१६ मे

उठले तर आई जेवणाच्या टेबलावर वाकलेली, पुढ्यात माझ्या मॉडेलचा नकाशा. पेन्सिलीने जिना बसवलाय — माझी सगळ्यात लाडकी खिडकी उडवून! भांडणारच होते. तेवढ्यात वरच्या खोलीकडे लक्ष गेलं. मी तिथे एकच ड्रॉइंग टेबल काढलं होतं. तिने शेजारी दुसरं काढलंय.

"हे कुणाचं?"

"कॉमर्सवालीचं नक्कीच नाही," आई म्हणाली.