आधी दादाचं गाव, मग राजधानी

धाकट्या,

मी पहिल्या बसनं पुढे जातेय. तू आणि आई उद्या ठरल्याप्रमाणे गाडीनं निघा. फक्त बेत थोडा फिरवलाय. राजधानी नंतर बघू, आधी तिच्या अलीकडचं ते तळ्याकाठचं गाव. आईनं विचारलं तर सांग, संग्रहालय उद्या बंद आहे.

खरं कारण तुला माहीत हवं. त्या गावात दादा राहतो. लग्नावरून आईनं त्याला ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हटलं, तेव्हापासून त्यानंही हट्ट सोडलेला नाही. काल मी धीर करून फोन केला, तो वहिनीनं उचलला. म्हणाली, “ताई, आई आल्या तर हे घराबाहेर पडतील म्हणतात. पण तुम्ही आधी एकट्या या. दोघी मिळून समजावू.” जिचं तोंडही आपण पाहिलं नाही, ती आपल्यासाठी नवऱ्याशी भांडतेय. म्हणून जातेय. तो नाहीच बधला तर कळवीन. मग सरळ राजधानी गाठा, आणि आईला पत्ता लागू देऊ नकोस.

तिची गोळी जेवणानंतर दे, उपाशीपोटी नको.

एवढं लिहून बूट घालत होते, तेवढ्यात आई उठून आली. मी म्हटलं, “राहायच्या जागेचं बघायला पुढे जातेय.” ती दाराला टेकून म्हणाली, “त्याला सांग, मी आत येणार नाही. फाटकातून बघीन आणि जाईन.”

तिला सगळं ठाऊक आहे रे. आता खोटं काही बोलू नकोस. नुसता तिच्याजवळ बस.

ताई